पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल शंका असलेल्या आपल्या माणसांशी कसं बोलावं: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

गेल्या उन्हाळ्यात माझी आत्या पहिल्यांदाच आमच्याकडे मिशिगनला आली. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातलं तिचं गाव. वय सत्तरीच्या पुढचं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना मी सहज सांगून गेलो, की इथे नळाच्या पाण्यात दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड घालतात. तिने हातातला पेला खाली ठेवला. "अरे, याच फ्लोराइडनं आमच्याकडची मानसं वाकली. अन् तुमी ते मुद्दाम टाकता पान्यात?"

मी लगेच आकडे सांगायला लागलो. तिकडचं प्रमाण वेगळं, इकडचं वेगळं, इथे रोज तपासणी होते, वगैरे. आकडे बरोबर होते. आत्याने सगळं ऐकून घेतलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या बाटलीचं पाणी मागू लागली. तिच्या शेजारच्या माणसाची पाठ चाळिशीतच ताठ होईनाशी झाली होती. गावातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं, आणि मी त्याबद्दल तिला एक शब्दही न विचारता तिची शंका फेटाळायला बसलो होतो.

त्यानंतर मी या विषयाचं बरंच वाचलं. शेजाऱ्यांशी, मित्रांशी, मुलीच्या दातांच्या डॉक्टरांशी बोललो. आमच्या टाउनशिपच्या बैठकीतही एकदा जाऊन बसलो. इथे नव्याने आलेल्या मराठी घरांना हा विषय हमखास भेटतो. बाळ झालं की भेटतो, आई-बाबा राहायला आले की भेटतो, गावात मतदान निघालं की भेटतो. म्हणून जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे. मी स्वतः फ्लोराइडचं पाणी पितो आणि मुलीलाही देतो, हे आधीच सांगून ठेवतो.

१. आधी आपल्या नळाचा आकडा माहीत करून घ्या

वाद सुरू होतो तेव्हा बहुतेकांना स्वतःच्या घरात येणाऱ्या पाण्यात किती फ्लोराइड आहे हेच ठाऊक नसतं. बऱ्याचदा घातलं जातं की नाही, हेही ठाऊक नसतं. अमेरिकेत सार्वजनिक नळाचं पाणी पिणाऱ्यांपैकी साधारण ७० टक्क्यांहून जास्त लोकांना फ्लोराइड घातलेलं पाणी मिळत आलं आहे. पण हे राज्याराज्यांत फार बदलतं. न्यू जर्सीत मराठी वस्ती दाट आहे, आणि तिथे फार थोड्या लोकांना असं पाणी मिळतं. हवाई आणि ओरेगॉनचंही तसंच. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी पाण्यात फ्लोराइड घालणं कायद्याने बंद केलं. म्हणजे टँपाला राहणाऱ्या भावाशी आणि शिकागोला राहणाऱ्या बहिणीशी एकच वाद घालण्यात अर्थ नाही.

तुमचा पाणीपुरवठा विभाग दरवर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल काढतो. तो पोस्टाने येतो किंवा बिलावर त्याचा पत्ता छापलेला असतो. त्यात 'फ्लोराइड' ही ओळ शोधा. सापडली नाही तर बिलावरच्या नंबरला फोन करा, ते सांगतात. घर गावाबाहेर असेल आणि स्वतःची विहीर असेल, तर त्यात कोणी काही घालत नाही, पण जमिनीतलं नैसर्गिक फ्लोराइड असू शकतं. ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं लागतं.

आकडा हातात आला की तो कशाशी ताडून पाहायचा? हे पाच आकडे लक्षात ठेवा. सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. अमेरिकेत फ्लोराइड घालायचं झालं तर शिफारस ०.७ ची आहे. ती २०१५ पासूनची, त्याआधी १९६२ पासून ०.७ ते १.२ असा पट्टा होता. भारतीय मानकात १.० ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५. आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची कायदेशीर कमाल मर्यादा ४.०, जी मुख्यतः नैसर्गिक फ्लोराइड असलेल्या पाण्यासाठी लागू पडते.

हा शेवटचा आकडा ऐकून लोक दचकतात, आणि मला वाटतं दचकायलाच हवं. भारतात जे पाणी पिण्यालायक नाही म्हणून नाकारलं जाईल, ते इथे कायद्याने चालू शकतं. समोरच्याने हे काढलं तर सारवासारव करू नका. 'हो, ही मर्यादा मलाही सैल वाटते, पण आपल्या नळाचा आकडा अमुक आहे' एवढं म्हणा.

०.७ म्हणजे किती हेही सोपं करून सांगता आलं पाहिजे. दहा लाख लिटर पाण्यात सातशे ग्रॅम.

२. गोष्टीची सुरुवात डागाळलेल्या दातांपासून झाली, हे सांगा

आत्याशी बोलताना मला हे पहिल्याच दिवशी माहीत असतं तर फार बरं झालं असतं. फ्लोराइडचा शोध कुठल्या कंपनीच्या जाहिरातीतून लागलेला नाही. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायाला आला. तिथे जन्मलेल्या मुलांचे दात तपकिरी डागांचे होते. हे कशाने होतं ते शोधण्यात त्याची पुढची तीसेक वर्षं गेली. वाटेत त्याच्या लक्षात आलं, की हे दात दिसायला वाईट असले तरी किडीला सहज बधत नाहीत.

कारण १९३१ मध्ये सापडलं. आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साइट या गावातही मुलांचे दात असेच होते. ॲल्युमिनियमच्या कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी तिथलं पाणी तपासलं, तर लिटरमागे १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. मग सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी गावोगावची मुलं तपासून पाहिली. डाग जवळजवळ पडत नाहीत पण कीड मात्र कमी राहते, असं प्रमाण आहे का? त्यांना ते एक मिलिग्रॅमच्या आसपास दिसलं. २५ जानेवारी १९४५ ला आमच्याच मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने जगात पहिल्यांदा मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घातलं.

म्हणजे आत्याने गावात जे दात पाहिले, तेच मॅकेने पाहिले होते. तिची भीती आणि हे शास्त्र यांचा उगम एकच आहे. हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून नीट बसली.

३. काय खटकतंय ते विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका

'फ्लोराइड नको' या दोन शब्दांमागे तीन अगदी वेगळे प्रश्न असतात. याने अपाय होतो का? याचा खरंच उपयोग होतो का? आणि मला न विचारता माझ्या पाण्यात घालायचा कोणाला अधिकार आहे? समोरच्याचा प्रश्न तिसरा असेल आणि तुम्ही पहिल्याचं उत्तर देत बसलात, तर रात्रभर बोललात तरी उपयोग नाही. माझ्या एका मित्राशी मी दोन तास अपायाबद्दल बोललो. शेवटी तो म्हणाला, "अरे, अपाय नसेलही. पण मी औषध घ्यायचं की नाही हे नगरपालिकेने का ठरवायचं?"

म्हणून आधी साधं विचारा. 'तुम्हाला नेमकं काय खटकतं?' 'हे पहिल्यांदा कुठे ऐकलंत?' 'तुमच्या ओळखीत कोणाला त्रास झालाय का?' हा तिसरा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला जरूर विचारा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही पट्ट्यांत खडकातलंच फ्लोराइड भूजलात उतरतं. उघड्या विहिरी सुटल्या, लोक खोल बोअरच्या आणि हातपंपाच्या पाण्यावर आले, आणि ते पोटात जायला लागलं. तेलंगणातल्या नलगोंड्याचं नाव तर या दुखण्याशी कायमचंच जोडलं गेलं. पाण्यातलं जादा फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढायची 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली. ज्या माणसाच्या गावात फ्लोराइड काढण्यासाठी धडपड चालली होती, त्याला ते घालणारा देश विचित्र वाटणारच.

नात्याचं भान ठेवा. सासूबाईंना चारचौघांत, जेवणाच्या टेबलावर चुकीचं ठरवू नका. 'आई, तुम्ही म्हणता ते तिकडच्या पाण्याबद्दल खरं आहे, इथलं काय ते आपण दोघं मिळून बघू' असं म्हटलं तर बोलणं पुढे सरकतं. घरात कोणी डॉक्टर असेल तर 'दादाला विचारा, तो डॉक्टर आहे' असं म्हणून ज्येष्ठांचं तोंड बंद करू नका. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी भीतिदायक व्हिडिओ टाकला, तर उत्तर ग्रुपवर न देता त्या माणसाला फोन करा. सगळ्यांसमोर खोडलं की त्याला आपलं म्हणणं लढवावंच लागतं. फोनवर तोच माणूस म्हणतो, 'मलाही नक्की माहीत नाही रे.'

४. एकेका शंकेला प्रामाणिक उत्तर

इथे थोडा वेळ घालवा. या विषयात समर्थकांचीच चूक होते असं माझं मत आहे. 'सगळं पूर्ण सुरक्षित आहे, विषय संपला' असं ते म्हणतात, आणि समोरच्याला एखादी खरी बातमी सापडली की त्याचा आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

'हाडं वाकतात.' हो, वाकतात, फ्लोराइड बरंच जास्त असेल आणि ते वर्षानुवर्षं पोटात जात असेल तर. इथे हिशेब मांडून दाखवा. समजा गावच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम आहे. उन्हात रानात काम करणारी बाई दिवसाला पाच लिटर पाणी पिते, म्हणजे २० मिलिग्रॅम पोटात गेलं. त्यात आहारात कॅल्शियम कमी असेल तर हाडांवरचा मार आणखी वाढतो. इथे दोन लिटर पाणी ०.७ चं प्यायलं तर १.४ मिलिग्रॅम. 'तिकडचं वेगळं' असं नुसतं म्हणण्यापेक्षा हा गुणाकार कागदावर करा, आणि शक्य असेल तर समोरच्यालाच करू द्या.

'मुलांच्या दातांवर डाग पडतात.' हेही खरं आहे. ०.७ च्या पाण्यानेही काही मुलांच्या दातांवर फिके पांढरे ठिपके येतात. कोक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१५ च्या आढाव्याचा अंदाज असा होता, की या पातळीवर साधारण १२ टक्के लोकांना दिसण्याच्या दृष्टीने खटकतील असे डाग असतात. बहुतेक डाग तपकिरी पट्ट्यांसारखे नसतात आणि दात त्याने कमकुवत होत नाही, पण 'डाग पडतच नाहीत' असं म्हणू नका.

'मुलांची बुद्धी कमी होते.' सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारी शंका हीच, आणि आई-बापांच्या काळजाला हात घालणारीही हीच. तिला उडवून लावू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये आपला आढावा प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं असं: लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड पोटात जाणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक कमी असल्याचं मध्यम खात्रीने म्हणता येतं. ०.७ च्या पाण्याचा असा परिणाम होतो की नाही, हे सांगायला पुरेशी माहिती नाही. ही दोन्ही वाक्यं सांगा. शंका घेणारे पहिलंच सांगतात आणि समर्थक दुसरंच, म्हणून दोघांची गाठ पडत नाही.

कॅनडातला २०१९ चा एक अभ्यासही तुमच्यासमोर येईल. ५१२ आई-मुलांच्या जोड्यांचा. गरोदरपणी आईच्या लघवीत फ्लोराइड जास्त असेल तर मुलग्यांचा बुद्ध्यंक थोडा कमी दिसला, मुलींमध्ये मात्र तसं दिसलं नाही. उलट न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मापासून कित्येक वर्षं पाठपुरावा केलेल्या मुलांमध्ये फ्लोराइडच्या पाण्याचा आणि बुद्ध्यंकाचा संबंध सापडला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी पर्यावरण संस्थेला या धोक्याची दखल घेऊन पाऊल उचलण्याचा आदेश दिला. पण फ्लोराइडच्या पाण्याने अपाय होतोच असं आपण खात्रीने म्हणत नाही, हेही त्यांनी निकालात लिहिलं.

मला विचाराल तर ०.७ आणि १.५ मध्ये अंतर आहे, पण ते अंतर फार मोठं नाही, आणि त्यावर संशोधन चालू राहिलं पाहिजे असं मी मोकळेपणाने म्हणतो. असं म्हटलं म्हणून माझी बाजू कधी लंगडी पडली नाही. आत्याला हे सांगताना उलट माझ्याच लक्षात आलं, की १.५ ची ती रेघ तिच्या गावच्या हातपंपाशी जास्त संबंधित आहे. तिथल्या पोरांची काळजी इथल्यापेक्षा आधी करायला हवी.

'युरोपात बंदी आहे.' बंदी हा शब्द बहुतेक ठिकाणी बरोबर नाही, पण युरोपातले बहुतेक देश पाण्यात फ्लोराइड घालत नाहीत हे खरं आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९५५ पासून ते मिठातून मिळतं. बासेल शहर १९६२ पासून पाण्यात घालत होतं, २००३ मध्ये त्यांनी ते थांबवलं आणि मिठावर भर दिला. जर्मनी आणि फ्रान्समध्येही फ्लोराइडचं मीठ मिळतं. आयर्लंडमध्ये मात्र कायद्यानेच पाण्यात घालतात, आणि इंग्लंडमध्ये साधारण दहातल्या एका माणसाला असं पाणी मिळतं. या देशांत मुलांचे दात काही सगळे किडून गेलेले नाहीत, हे मान्य करा. तिथे पेस्ट आहे, मीठ आहे, मुलांची नियमित दंततपासणी आहे. आपल्या गावात यातलं काय काय आहे, हा त्यानंतरचा योग्य प्रश्न.

'खत कारखान्यातला कचरा पाण्यात टाकतात.' अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वापरलं जाणारं फ्लोरोसिलिसिक आम्ल हे फॉस्फेट खत बनवताना निघणारं उपउत्पादन आहे. नाही म्हणू नका, कारण ते खरं आहे. साखर कारखान्यात मळी निघते आणि ती पुढे कितीतरी कामांना लागते, तसंच हे. एखादी वस्तू कुठून निघाली यापेक्षा त्यात आर्सेनिक, शिसं किती आहे आणि ते कोण तपासतं, हे महत्त्वाचं. पिण्याच्या पाण्यात घालायच्या रसायनांसाठी वेगळं मानक आहे. तुमच्या गावात येणारा माल त्या मानकाचा आहे का, हे पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहून विचारता येतं. शंका घेणाऱ्यासोबत बसून ते पत्र लिहा. एकत्र प्रश्न विचारला की दोघं एका बाजूला येतात.

'पेस्टमध्ये असतंच की, मग पाण्यात कशाला?' हा माझ्या मते सगळ्यात रास्त प्रश्न आहे. फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर होतं. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात, आम्ल दाताच्या वरच्या थरातली खनिजं विरघळवतं, आणि लाळेत थोडं फ्लोराइड असेल तर ती खनिजं पुन्हा बसायला मदत होते. हे काम पेस्टही करते. म्हणूनच पेस्टचा वापर सगळीकडे झाल्यावर पाण्याचा वेगळा फायदा घटला. ऑक्टोबर २०२४ च्या कोक्रेन आढाव्यात १९७५ नंतरचे अभ्यास पाहिले, तर दर मुलामागे सरासरी पाव किडका दुधाचा दात कमी एवढाच फायदा दिसतो, आणि तोही अनिश्चित. आधीच्या काळात तो कितीतरी मोठा होता.

पण याची दुसरी बाजूही आहे. कॅनडातल्या कॅलगरीने २०११ मध्ये फ्लोराइड थांबवलं, शेजारच्या एडमंटनने चालू ठेवलं. सात-आठ वर्षांनी दुसरीतली मुलं तपासली तेव्हा कॅलगरीत सुमारे ६५ टक्के मुलांच्या दातांना कीड होती आणि एडमंटनमध्ये ५५ टक्के. २०२१ मध्ये कॅलगरीतल्या ६२ टक्के मतदारांनी फ्लोराइड परत आणावं असं मत दिलं, आणि २०२५ मध्ये ते परत सुरू झालं. पाण्याचा फायदा मला महत्त्वाचा वाटतो तो इथे. ज्या मुलाला रोज दोनदा ब्रश करवून घेणारं कोणी नाही, दंतवैद्याकडे नेणारं कोणी नाही, त्याच्यापर्यंत नळ पोचतो.

'मला न विचारता का?' या प्रश्नाला आकड्याने उत्तर देऊ नका. हा शास्त्राचा प्रश्नच नाही. सगळ्यांच्या हितासाठी एकाच्या निवडीवर किती बंधन घालावं, यावर समजूतदार माणसांतही मतभेद असतात. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडने २०१३ मध्ये मतदान घेऊन सुमारे ६१ टक्के मतांनी फ्लोराइड नाकारलं, आणि तिथे शिकलेल्या लोकांची कमी नाही. 'तुमचा मुद्दा मला पटतो, माझं वजन दुसऱ्या बाजूला पडतं ते किडक्या दातांनी रडणाऱ्या पोरांमुळे' इतकंच मी म्हणतो.

५. मत काहीही असो, उपयोगी पडेल असं काही द्या

समोरच्याने फ्लोराइडचं पाणी प्यायचं नाही असं ठरवलं असेल तर त्याला ते नीट करता यावं, एवढी मदत आपण करू शकतो. आपली बरीच वडीलधारी माणसं इथे आल्यावरही पाणी उकळून पितात. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण किंचित वाढतं. फ्रिजमध्ये ठेवायच्या कोळशाच्या फिल्टरच्या जगनेही ते फारसं निघत नाही. आरओ फिल्टरने बरंचसं निघतं. बाटलीच्या पाण्यातही कधी कधी असतं, लेबल वाचावं लागतं. आणि चहा विसरू नका. चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड पानांत साठवतं. दिवसाला पाच-सहा कप चहा पिणारा माणूस पाण्याबद्दल घाबरला असेल, तर त्याला हे हळूच पण नक्की सांगा.

तान्ह्या बाळाला पावडरचं दूध द्यायचं असेल तर ते अधूनमधून कमी फ्लोराइडच्या बाटलीच्या पाण्यात कालवलं तरी चालतं. दातांवर ठिपके येण्याची शक्यता त्याने कमी होते, असं इथले दंतवैद्यही सांगतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं. घरात आरओ बसवला असेल तर ब्रशचा आळस अजिबात चालणार नाही, हेही सांगा. दोन्ही बाजूंचे लोक यावर एकमत होतात. रात्री दूध-साखरेची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, हे आणखी एक.

६. गावात मतदान किंवा बैठक असेल तर

टाउनशिपच्या बैठकीत नागरिकांना साधारण तीन मिनिटं मिळतात. आधी नाव नोंदवावं लागतं, बोलताना अध्यक्षांकडे पाहून बोलायचं, आधी बोलून गेलेल्या शेजाऱ्याचं नाव घेऊन टीका करायची नाही. नागरिकत्व नसेल तर मत देता येत नाही, पण बोलता बहुतेक ठिकाणी येतं. एकच मुद्दा घ्या. मी बोललो तेव्हा फक्त एवढंच मागितलं, की निर्णय काहीही झाला तरी ज्या घरांना दंतवैद्य परवडत नाही त्यांच्या मुलांसाठी शाळेत दंततपासणी असावी. बैठकीनंतर विरोधात बोललेल्या एका बाईंनी मला थांबवून माझा फोन नंबर घेतला. शाळेच्या तपासणीसाठी आता आम्ही दोघं मिळून पत्रं लिहितो. फ्लोराइडवर आमचं अजून जुळलेलं नाही.

७. कुठे थांबायचं

समोरचा तोच मुद्दा तिसऱ्यांदा सांगत असेल, आवाज चढला असेल, किंवा तुम्हालाच राग येऊ लागला असेल तर थांबा. 'आज एवढं पुरे, मला यावर विचार करू दे' म्हणा, आणि खरंच विचार करा. दुसऱ्या बोलण्यात पहिल्यांदा ऐकलेल्या एखाद्या मुद्द्याचा उल्लेख करा. तुम्ही ऐकत होता हे त्यावरून कळतं.

आत्याच्या बाबतीत माझी खरी परीक्षा वेगळ्याच जागी झाली. बाटल्या आणायला नकोत म्हणून बायकोने फ्रिजमध्ये कोळशाच्या फिल्टरचा जग ठेवला. आत्याला वाटलं त्याने फ्लोराइड निघतं, आणि ती त्यातलं पाणी समाधानाने पिऊ लागली. गप्प बसलो असतो तर घरात शांतता होती. दोन दिवस मी गप्प बसलोही. मग तिला सांगितलं, की आत्या, याने ते निघत नाही, तू जे पितेस त्यात ते आहे. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग किती हाय, ते तरी सांग."

मी टाउनशिपचा अहवाल छापून आणला. चश्मा लावून तिने आकडा पाहिला, ०.६८. मग आम्ही तो पाच लिटरचा आणि दोन लिटरचा गुणाकार केला. आरओचं पाणी आणू का विचारलं, तर म्हणाली राहू दे, महिनाभराचा तर प्रश्न. चहा मात्र तिने एक कपही कमी केला नाही. त्याच संध्याकाळी तिने गावाकडे पुतण्याला फोन लावला. शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत द्यायला सांगितलं, आणि आकडा लिहून आणायला सांगितलं, तोंडी नको म्हणाली.

परत निघताना तिने तो छापलेला अहवाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं, तुला काय करायचाय तो, इंग्रजीत आहे. "पंचायतीत दाखवतो," ती म्हणाली. "पान्याचा असा कागद घरोघरी येते म्हनून."